शुगरला चालतं का?

मानेवर गार पाणी ओतून घ्यायचे मी पैसे मोजले. माणशी. बायको, साडू, मेहुणी आणि त्यांची दोन कार्टी धरली तर आकडा कोणाला सांगण्यासारखा नाही. शर्ट पांढरा, कडक इस्त्रीचा, कारण तिथून थेट म्हार्दोळला साखरपुड्याला जायचं होतं. शर्ट वाळला. मी अजून वाळलेलो नाही.

त्याआधीचं थोडक्यात उरकतो. साडू सांगलीचा. यंदा त्याला गोव्यातले बीच नको होते, निसर्ग हवा होता, आणि तो गुरुवारी हवा होता. बोंडल्याचं प्राणिसंग्रहालय गुरुवारी बंद असतं हे मी आदल्या रात्री सांगितलं, सकाळी चहाला सांगितलं, तिस्क-उसगावला गाडी हळू करून परत सांगितलं. साडू म्हणाला, "निसर्गाला कसली सुट्टी?" निसर्गाला नसते हो, गेटवरच्या माणसाला असते. गेट बघून मागे फिरलो आणि फोंडा तालुक्यातल्या एका मसाल्याच्या बागेत शिरलो.

खरं तर निसर्ग म्हटलं की गोव्यात चिकार निवड आहे. मोलेंचं अभयारण्य 240 चौरस किलोमीटर, नेत्रावळी 211, म्हादई 208, खोतीगाव 86. बोंडला आपलं 8, आणि चोडणचं सलीम अली पक्षी अभयारण्य तर दोनसुद्धा भरत नाही. सगळं मिळून राज्याचा पाचवा हिस्सा होतो. पण बाहेरच्या माणसाचा गोवा कळंगुटला सुरू होऊन बाग्याला संपतो. 2023च्या मार्चमध्ये म्हादईच्या जंगलात डोंगर पेटले, आग विझवायला नौदलाची हेलिकॉप्टरं आणावी लागली. तेव्हा साडूचा काळजीने फोन आला होता. "बीच चालू आहेत ना?"

असो. मसाल्याची बाग म्हणजे काय, तर तिकीट लावलेलं कुळागर. पोफळी, माड, पोफळीवर चढवलेला मिरवेल, मध्ये केळी, अननस, जायफळाची झाडं आणि सगळ्यांच्या पायाशी खळखळणारा पाट. माझ्या मामाचं कुळागर तिथून वीस मिनिटांवर आहे. तिथे मी लहानपणी भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, वेचली, सोलं वाळत घातली, पाटात चपला सोडून दिल्या आणि त्यांच्यासाठी मारही खाल्ला. त्या मला दारात झेंडूची माळ घालून, टिळा लावून, गवती चहाचा कप हातात देऊन सांगण्यात आलं की हे सुपारीचं झाड आहे.

सांगणारा गाइड विशीतला पोरगा होता, बोलण्यावरून वाळपईकडचा. पण ड्युटीवर हिंदी. "दुनिया का सबसे महँगा मसाला कौनसा?" केसर. "दुसरा?" वॅनिला. "तिसरा?" इथे सगळे गप्प झाले आणि मागून आवाज आला, "ते राहू द्या. हा गवती चहा शुगरला चालतो का?"

हे गृहस्थ आमच्या तुकडीत कसे आले कोण जाणे. नाशिकचे, कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले, डोक्यावर पांढरी टोपी, हातात खिशात मावेल अशी वही. वहीत रकाने आखलेले. गाइड म्हणाला, "चलता है ना साहब." त्यांनी लिहून घेतलं आणि तो चहा दोन चमचे साखर घालून प्यायले.

पुढे मिरी आली. एकाच वेलाची मिरी कच्ची असताना हिरवी, उन्हात वाळवली की काळी, भिजवून साल काढली की पांढरी, हे पोरगं मन लावून सांगत होतं. अभियंत्यांनी पेन वर केलं.

"शुगरला कुठली?"

"कोई भी चलेगा साहब."

"एकदम घ्यायच्या की वेगवेगळ्या?"

पोराने माझ्याकडे बघितलं. मी पोफळीकडे बघितलं. "अलग अलग," तो म्हणाला, आणि वहीत तीन ओळी पडल्या.

दालचिनीचं पान चुरगाळून वास घ्यायला दिलं, ते त्यांनी खाल्लं. मग जायफळ. हे मात्र बघण्यासारखं असतं. पिवळट फळ मधोमध उकलतं, आत तपकिरी चकचकीत बी आणि तिला घट्ट बिलगलेली लालभडक जायपत्रीची जाळी. दोन्ही मुलंसुद्धा मोबाइल सोडून वाकली. गाइड म्हणाला, याने झोप चांगली लागते. अभियंते म्हणाले, "म्हणजे झोप लागली की शुगर उतरते, असंच ना?" या तर्काला उत्तर नव्हतं. वॅनिलाचा वेल मूळ मेक्सिकोचा, तिथली परागीकरण करणारी माशी इथे नाही, म्हणून एकेक फूल माणसाला हाताने फळवावं लागतं, आणि तेही ते उमलेल त्याच दिवशी. यावर त्यांनी शुगरचं विचारलं नाही. मजुरीचा हिशोब केला, मान हलवली आणि "परवडत नाही" असा शेरा मारून वॅनिलाची फाइल बंद केली.

एक माणूस पायात दोरीचा फास अडकवून सरसर पोफळीवर चढला, शेंड्याला झोका देऊन शेजारच्या पोफळीवर गेला. सगळ्यांचे फोन वर. अभियंत्यांनी खालून हाक मारली, "विमा आहे का हो याचा?" दिवसभरातला एवढा एकच शहाणा प्रश्न, आणि त्याचं उत्तर कोणी दिलं नाही.

मग ते माझ्याकडे वळले.

"आपण कुठले?"

"इथलाच. फोंड्याचा."

"नाही, मूळचे?"

"मूळचाही फोंड्याचाच."

"तसं नाही हो. मूळ, मूळ."

पणजोबा कुळागरातच गेले, असं सांगून पाहिलं. त्यांचं समाधान होईना. "पण मराठी किती छान बोलता!" ते म्हणाले. कौतुकाने म्हणाले, हीच तर अडचण आहे. आमच्याकडे दर जत्रेला मराठी नाटक होतं, गावोगाव मराठी भजन चालतं, घरात सकाळी मराठी पेपर पडतो, आणि घाटापलीकडून येणारा प्रत्येक माणूस मराठीबद्दल आमची पाठ थोपटून जातो. रागावताही येत नाही. मी "धन्यवाद" म्हणालो आणि स्वतःवरच चिडलो.

फेरी संपता संपता एक मोठा माठ दिसला. आत गवती चहाची पाती घातलेलं पाणी आणि करवंटीचा डवला. "सर, थोडा झुको." वाकण्यातच माझी सगळी नोकरी सरली, त्यामुळे सवयीने वाकलो. पाणी कॉलरमधून आत शिरलं आणि एकेका मणक्यावर थांबत, चौकशी करत, कमरेपर्यंत गेलं. माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून मेहुणी खाली बसली. एवढ्यात अभियंते ओरडले, "थांबा, थांबा! माझं रेकॉर्डिंग चालू नव्हतं. परत एकदा घ्या."

त्या पोराने परत ओतलं.

जेवणाच्या मांडवाकडे जाताना तो हळूच जवळ आला. ड्युटी संपल्यामुळे हिंदीही संपली होती. "काका, तुम्ही अण्णांचे भाचे ना? दोन वर्षं मी त्यांच्याकडे सुपारी पाडायला यायचो."

"ओळखलंस, मग पाणी का ओतलंस?"

"तिकिटात आहे ते. नाही ओतलं तर लोक कंप्लेंट करतात."

"आणि दुसऱ्यांदा?"

"ते साहेबांनी सांगितलं." मग स्वतःहून म्हणाला, "अण्णांना सांगा, मी इथे बरा आहे. इथे झाड नुसतं दाखवायचं, चढायचं नाही. महिन्याला पगार मिळतो."

यावर काय बोलणार? मामा गेली दोन वर्षं पाडेली, म्हणजे झाडावर चढणारा माणूस, शोधतोय. पावसाआधी घडांवर बोर्डो मिश्रण मारलं नाही तर कोळेरोगाने सुपारी सडून खाली पडते, आणि मारणारा माणूस मिळत नाही. नारळ माकडं पाडतात, केळीची रोपं गवे तुडवतात. गवा आमचा राज्यप्राणी, तेव्हा त्याला निदान मानाने तुडवू द्यावं लागतं. शेजारच्या डोंगरावर काजूची झाडं होती तिथे आता जेसीबी आहे आणि 'निसर्गाच्या कुशीत आपलं दुसरं घर' असा फलक आहे. पहिलं घर कुठे आहे ते फलकावर लिहिलेलं नाही, पण गाड्यांच्या नंबरांवरून कळतं. मामाच्या पाटाला एप्रिलमध्येच पाणी कमी झालं. डोंगर कापल्यामुळे, असं मामा म्हणतो. त्याला विचारायला मात्र कोणी येत नाही, कारण त्याच्याकडे झेंडूची माळ नाही.

हे सगळं मी जेवताना अभियंत्यांना सांगून टाकलं. ओल्या शर्टाने माणूस जास्त बोलतो. पत्रावळीवर त्यांनी भात, माशाची आमटी, वर सोलकढी घेतली होती, आणि बाजूला बेबिंकाचे, म्हणजे आमच्याकडच्या थरांच्या गोड केकचे, दोन तुकडे. बेबिंकाबद्दल त्यांनी कोणालाच काही विचारलं नाही. माझं बोलणं मात्र त्यांनी खरोखर लक्ष देऊन ऐकलं, मध्ये एकदा डोळे पुसले. मिरचीमुळेही असेल.

"म्हणजे तुमच्या मामांकडे सगळं अस्सल आहे," ते म्हणाले.

"अस्सलच."

"मिरी, जायफळ, सगळं?"

"सगळं."

"तिथे जेवणाची सोय होते का? आमचा ज्येष्ठ नागरिक संघ पुढच्या महिन्यात येतोय. बेचाळीस जण आहोत. बहुतेकांना शुगर आहे." त्यांनी वहीचं नवं पान उघडलं. "मामांचा नंबर सांगा."

मी नाही सांगितला. साडूने सांगितला.