करकरत्या पायपेटीला तेल पाजू नका

दहीकाल्यांचा, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या दशावतारी नाटकांचा, हंगाम तोंडावर आला की आमच्या सिंधुदुर्गात एक व्हॉट्सअ‍ॅप निरोप दरवर्षी नव्याने फिरतो. ‘पायपेटी करकरते? पाच मिनिटांत घरगुती उपाय.’ पायपेटी म्हणजे पायाने भाता मारून वाजवायची हार्मोनियम. आतला मजकूर थोडक्यात असा: सगळ्या सांध्यांत खोबरेल तेल सोडा. तेवढ्याने भागलं नाही तर गंजावरचा फवारा मारा. तरीही आवाज राहिला तर भाता गेला असं समजा. पावसाळ्यात पेटी प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळा आणि अधूनमधून वाजवा. शेवटी हुकमी एक्का, ‘आमचे आजोबा रहाटाला तेलच घालायचे!’ यंदा तो मला तीनदा आला, त्यातला एकदा आमच्या भजनी मंडळाच्या बुवांकडून. बुवांना ‘हे चूक आहे’ एवढंच कळवणं बरं दिसेना, म्हणून सविस्तर लिहितो.

तेलापासून सुरुवात करतो, कारण तो गाढवपणा मी स्वतः केलेला आहे. पौषातला काला होता. संध्याकाळी घरी, चुलीच्या उबेत, बिजागऱ्यांत वाटीभर तेल सोडलं आणि करकर खरंच थांबली. रात्री दोनच्या सुमारास आख्यानात राणीचा विलाप सुरू झाला, पखवाज थांबला, झांज थांबली आणि माझ्या पायाखालून ‘कुंईऽऽ’. पुढच्या रांगेतली पोरं फिस्सकन हसली. खोबरेल तेल साधारण 24 अंशांच्या खाली थिजतं. पौषात मोरीतली बाटली पांढरी होते ती त्यामुळेच. मोकळ्यावरच्या रात्री तेवढी थंडी सहज पडते. शिवाय काल्याच्या जागी पायाखाली धूळच धूळ. तेलात धूळ मिसळून बिजागरीत चांगली लापशी झाली होती.

खरा फटका मात्र नंतर बसला. ओघळलेलं तेल फळीत मुरलं आणि तिथून भात्याच्या कातडी कडेपर्यंत पोचलं. पुढच्या वर्षी ती कड उचकटली तेव्हा ठिगळ बसेचना, तेलकट लाकडावर सरस धरत नाही. मुंग्या आल्या, मग उंदीर आले. सुतारकाकांनी पेटी उलटी केली, वास घेतला आणि एवढंच म्हणाले, “झिला, तेल कित्याक ओतलंस? रडता खय ता आदी आयक.”

रहाटाचं म्हणाल तर आजोबांचं बरोबरच होतं. रहाट उघड्यावर असतो, कणा मनगटाएवढा असतो आणि जादा तेल गळलं तर मातीत जातं. पेटीत ते कातड्यात जातं.

काकांनी मला जे दाखवलं ते त्या निरोपात कुठेच नाही. करकर म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात, आणि हे सेकंदाला शेकडो वेळा होतं. सारंगीचा गज तारेवर हेच करतो, फक्त तिथे आपण दाद देतो. म्हणून आधी कोण कोणाला घासतंय ते शोधायचं. पायाची फळी आणि भाता यांना जोडणारी सळई किंवा पट्टा सोडवा आणि नुसती फळी हाताने दाबा. आवाज आला तर दोष खाली आहे. नाही आला तर वर, जोडाशी किंवा भात्याच्या बिजागरीशी. मग रबरी नळीचं एक टोक कानाशी धरून दुसरं एकेका सांध्याजवळ न्या आणि दुसऱ्या कोणाला तरी पाय मारायला सांगा. जागा बोटभर अंतरापर्यंत सापडते.

आमच्या किनाऱ्यावर मला बहुतेक वेळा सापडतो तो स्क्रू. बिजागरी पितळी आणि स्क्रू लोखंडी, ही जोडी खाऱ्या दमट हवेत टिकत नाही. पितळेच्या संगतीत लोखंड आधी गंजतं, स्क्रू भोकात सैल होतो, बिजागरीचं पान फळीवर केसभर सरकतं आणि तेच ओरडतं. याला वंगण काय करणार? जुना स्क्रू काढायचा, भोकात बांबूची काडी फेविकॉल लावून ठोकायची, रात्रभर वाळू द्यायची आणि पितळी स्क्रू पिळायचा. खर्च चहा-भज्यांपेक्षा कमी.

दुसरी जागा फळीची बाजू. पावसात लाकूड फुगतं आणि फळी चौकटीला घासते. घासलेल्या जागी लाकूड चकचकीत दिसतं. तिथे मेणबत्ती घासा, नाहीतर मऊ शिशाची पेन्सिल गिरवा. पेन्सिल लाकडापुरतीच बरं का, खाऱ्या हवेत शिसाची पूड धातूला लागली तर गंज उलट वाढतो. रंधा मारायची घाई नको. दिवाळीनंतर लाकूड आकसतं आणि मग तीच फळी खडखडायला लागते. फळीवर पाय सरकू नये म्हणून ठोकलेला गालिच्याचा तुकडाही एकदा तपासा. मी दोन दिवस बिजागऱ्या उघडत बसलो होतो आणि आवाज त्या तुकड्याच्या सैल चुकेचा होता.

तेल लागतं ते फक्त एका ठिकाणी, बिजागरीच्या खिळीला, जिथे धातू धातूवर फिरतो. तेही शिलाई मशीनचं, सुईच्या टोकावरून एक थेंब. पाय दहा-बारा वेळा हलवून बाहेर आलेलं फडक्याने पुसून टाकायचं.

आता फवारा. निळ्या-पिवळ्या डब्यातलं डब्ल्यूडी-40 अमेरिकेत 1953 साली धातूवरचं पाणी हटवायला तयार केलं गेलं, नावातली दोन अक्षरं त्याच कामाची आणि 40 म्हणजे चाळिसावा प्रयोग. गंजलेला स्क्रू सोडवायला मीही ते वापरतो, काढलेल्या स्क्रूवर, पेटीपासून लांब अंगणात. पण त्यातला बराचसा द्रव उडून जातो, मागे वंगणाची पातळ साय उरते आणि माणसाच्या पायाखालच्या सांध्यावर ती फार दिवस टिकत नाही. त्यात फवारा म्हणजे फवारा. तुषार भात्यावर जातात, सुरांपर्यंत गेले तर आवाज काढणाऱ्या पितळी जिभेवर धूळ धरते आणि जिभेचं टोक जड झालं की सूर उतरतो. करकर घालवायला गेलात आणि पेटी बेसूर करून बसलात.

‘भाता गेला’ हे निदान तर हास्यास्पद आहे. फाटका भाता करकरत नाही, फुसफुसतो. सगळे सूर बंद ठेवून भाता भरा आणि पाय काढा. हवा टिकली तर भाता शाबूत आहे. नवा भाता घालायला निघालेल्या एका मंडळाला मी एवढंच करून दाखवलं, आणि त्यांच्या पेटीत निघाला पुन्हा तो स्क्रूच. कोणीतरी निरोपाखाली जोडलंय, ‘त्यापेक्षा हातपेटी घ्या, पायपेटी हा तिच्यावरचा जुगाड.’ उलट आहे. पॅरिसमध्ये दबॅं याने 1842 साली पेटंट घेतलेली हार्मोनियम पायांनीच चालायची. हातभात्याची पेटी कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी 1875 च्या सुमारास घडवली. आणि दशावतारातल्या संकासुराच्या मागे सुरांनी धावताना दोन्ही हात पट्ट्यांवर लागतात, भाता कोण मारणार?

राहिलं प्लास्टिक. घट्ट गुंडाळलेल्या पेटीत दमट हवा कोंडते आणि कातड्यावर बुरशी येते. मी जुनं सुती लुगडं टाकतो आणि पेटी जमिनीला न टेकवता दोन फळ्यांवर ठेवतो. ‘अधूनमधून वाजवा’ हे मात्र निरोपातलं शंभर टक्के खरं आहे. बुवांना मी तेवढीच ओळ परत पाठवली. त्यांचं उत्तर आलं, “बरा. पण वाटीभर तेल मी कालच घातलंय.” रविवारी रबरी नळी आणि पितळी स्क्रू घेऊन जातोय.