एका प्रतिक्रियेला उत्तर : छोटं टेबल, सलग चौदा डाव

बारमधल्या सात फुटी पूल टेबलावर एका रात्री सलग १४ डाव टेबल राखलं, म्हणजे एकदाही न हरता जिंकत राहिलो, ही माझी आजवरची सर्वांत मोठी स्ट्रीक, असा लेख मागे लिहिला होता. त्याखाली एका वाचकांनी प्रतिक्रिया दिली आहे. तिथेच दोन ओळी खरडणार होतो, पण ते लांबत गेलं. मी सोयीचं तेवढंच उचललं असं कुणी म्हणायला नको, म्हणून प्रतिक्रिया आधी पूर्ण देतो :

‘मित्रा, लेख वाचून करमणूक झाली. सात फुटी टेबल म्हणजे कॅरमचा मोठा भाऊ. आम्ही विल्सन जोन्सच्या पुण्याचे, बारा फुटीवर वाढलेले, आम्हाला याचं कौतुक कसं वाटणार? शिवाय रात्री अकरानंतर बारमध्ये समोरचा किती शुद्धीत असतो? आणि त्या चौदांपैकी किती डावांत समोरच्याने स्वतःच आठ नंबर चुकीच्या वेळी घालून तुला जिंकवलं, ते लेखात कुठेच नाही. स्ट्रीक मोजायचीच तर ब्रेकपासून एका दमात साफ केलेले डाव मोज. बाकी चालू दे.’

बरं.

पहिली गोष्ट, आपली ओळख नाही. ‘मित्रा’ म्हणायचं, लगेच पुढच्या शब्दांत करमणूक झाली म्हणून कळवायचं आणि शेवटी ‘बाकी चालू दे’ म्हणत पाठ थोपटायची, हा सूर मला चांगला परिचयाचा आहे. पुण्यातल्या पार्लरमध्ये भिंतीला टेकून दुसऱ्याच्या खेळावर शेरे मारणारी मंडळी असत. टेबल रिकामं झालं आणि त्यांना ‘या, लावा’ म्हटलं की त्यांना कुठेतरी जायचं असायचं. तुम्ही त्यांतले आहात असं मी म्हणत नाही. सूर तोच आहे, एवढंच म्हणतोय. तुम्ही मला अरे-तुरे केलंत तरी मी तुम्हाला अहो-जाहोच करणार आहे, आणि ते मोठेपणा म्हणून नाही, घरची सवय म्हणून.

एक मान्य करून टाकतो. सात फुटी टेबलावर लांबचे पॉट, म्हणजे लांबून बॉल पॉकेटमध्ये घालणं, सोपे जातात. अंतरच कमी, त्यामुळे निशाणा जरासा हुकला तरी बॉल आत जायला वाव राहतो. शिवाय बऱ्याच बारमधल्या टेबलांची पॉकेटं उदार असतात. हे मी लेखात म्हणायला हवं होतं असं तुम्हाला वाटत असेल, तर घ्या, आता म्हटलं.

आता ‘कॅरमचा मोठा भाऊ’.

हे वाक्य तुम्हाला खूप चटकदार वाटलं असणार. मी डोंबिवलीच्या चाळीत कॅरमवर वाढलोय. गॅलरीत बोर्ड, वर लोंबता बल्ब, बोरिक पावडरीने पांढरी झालेली बोटं. तेव्हा कॅरम मला तुमच्याकडून शिकायचा नाही. त्या खेळासाठी ए. मारिया इरुदयम यांना अर्जुन पुरस्कार मिळालाय, म्हणजे कुणाला हिणवायला वापरावं इतकी ती हलकी गोष्ट नाही. पण ते सोडा. कॅरम आणि पूल यांत जो मूळ फरक आहे तोच तुमच्या वाक्यात उलटा झालाय. कॅरममध्ये प्रत्येक फटक्याआधी तुम्ही स्ट्रायकर उचलता आणि आपल्या रेषेवर हवा तिथे ठेवता. सोंगटी गेली की पुढच्या फटक्यासाठी हात पुन्हा मोकळा. पूलमध्ये पांढरा बॉल थांबला तिथून पुढचा शॉट मारायचा, आवडो न आवडो. सगळा खेळ बॉल घालण्याचा नसून पांढरा कुठे थांबेल याचा आहे. आणि नेमकी हीच गोष्ट छोट्या टेबलावर अवघड होते.

आकडेच बघा. स्पर्धांचं नऊ फुटी टेबल आतून १०० बाय ५० इंच. बारमधलं सात फुटी साधारण ७८ बाय ३९. म्हणजे जागा जवळपास ४० टक्क्यांनी कमी. बॉल मात्र तेच, सव्वादोन इंची, पंधरा आणि एक पांढरा. तुमच्या बारा फुटी स्नूकर टेबलाच्या तर एक तृतीयांशही जागा नाही. स्नूकरला बॉल बावीस असतात हे मला ठाऊक आहे, पण ते आकारानेही लहान असतात, आणि त्यांना पसरायला मैदान आहे. बारच्या टेबलावर ब्रेक (बॉल फोडणारा पहिला फटका) झाला की दोन-तीन ठिकाणी घोळका बसलेलाच असतो. एट-बॉलमध्ये आपले सात बॉल संपवून मग आठ नंबर घालायचा असतो; तुमचे सात बॉल संपेपर्यंत समोरच्याचे सात तिथेच, तुमच्या वाटेत. नऊ फुटीवर जिथे पांढरा दोन कुशन (टेबलाच्या कडा) घेऊन निवांत फिरून येतो, तिथे इथे तो कुणाला तरी धडकतो. म्हणून या टेबलावर चांगले खेळाडू पांढऱ्याला कमीत कमी हलवतात. घोळका कधी फोडायचा, कोणत्या बॉलवरून फोडायचा, हे दुसऱ्या-तिसऱ्या शॉटलाच ठरवावं लागतं. ते चुकलं की लांब पॉट कितीही येवोत, उपयोग नाही.

त्यात पांढरा बॉल. नाणी टाकून चालणाऱ्या टेबलात घातलेले बॉल आत अडकतात, पुन्हा पैसे टाकेपर्यंत सुटत नाहीत. पांढरा मात्र पॉकेटमध्ये गेला तर लगेच परत यायला हवा. तो यंत्राला वेगळा ओळखू यावा म्हणून जुन्या टेबलांवर तो बाकीच्यांपेक्षा मोठा किंवा जड असतो, नव्यांवर चुंबकाची सोय असते. आमच्या इथल्या टेबलावर जड आहे. जड बॉलला स्क्रू (मागे आणणारी फिरकी) लागता लागत नाही. जिथे तो जागीच थांबावा असं वाटतं तिथे तो हातभर पुढे सरकतो, आणि थोडा फॉलो (पुढे नेणारी फिरकी) दिला की धावत सुटतो. पार्लरमध्ये अंगात भिनलेली सगळी मोजमापं विसरून ही नवी शिकावी लागतात. मी हे शिकायला बरेच महिने हरलोय.

हे मी ऐकीव सांगत नाही. कॉलेजच्या काळात पुण्यात एका इमारतीच्या तळघरातल्या पार्लरमध्ये माझ्या मेसच्या पैशांतला बराच भाग गेलाय. तिथले मार्करकाका, म्हणजे टेबलं सांभाळणारे, गुण मांडणारे, बोलायचे फार कमी. निळा स्पॉटवर ठेवायचे, पांढरा ‘डी’मध्ये (टेबलाच्या टोकाशी आखलेल्या अर्धवर्तुळात), आणि ‘मार’ म्हणायचे. तो निळा लागोपाठ पाच वेळा जाईपर्यंत फ्रेम लावून देत नसत. बारा फुटीवर माझा अर्धशतकी ब्रेक आहे, म्हणजे एका पाळीत न चुकता पन्नासावर गुण. फार मोठी कामगिरी नाही, पण ‘बारा फुटीवर या म्हणजे कळेल’ या थाटात माझ्याशी बोलायची गरज नाही, एवढ्यापुरती पुरेशी आहे. दोन्हीकडे खेळलेला माणूस सांगतोय. तुम्ही सात फुटीवर किती खेळलात ते तुमच्या प्रतिक्रियेत कुठे दिसलं नाही.

आणि विल्सन जोन्स. त्यांचं नाव घेतलंत म्हणून सांगतो. जोन्स पुण्यात १९२२ साली जन्मले, १९५८ मध्ये कोलकात्यात आणि १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये बिलियर्ड्सचे हौशी विश्वविजेते झाले. आदर आहेच, आणि तो दाखवायला पुण्याचा रहिवासी दाखला लागत नाही. पण त्यांचा खेळ बिलियर्ड्सचा, तीन बॉलचा. बिलियर्ड्समध्ये मोठे ब्रेक कसे होतात? तिन्ही बॉल टेबलाच्या वरच्या टोकाला, लाल स्पॉटच्या आसपास गोळा करून. हातभर जागेत पॉट आणि कॅनन (आपला बॉल दुसऱ्या दोन्ही बॉलना लावणं), पॉट आणि कॅनन. बारा फुटी टेबलाचे उस्ताद जाणूनबुजून टेबल लहान करून खेळतात. लहान जागेत पांढऱ्यावर ताबा ठेवणं हा पोरखेळ असता, तर त्यांनी असं केलं नसतं.

हवं तर पूलकडे या. स्ट्रेट पूलमध्ये, जिथे कोणताही बॉल घातला तरी मोजला जातो, अमेरिकन खेळाडू विली मॉस्कोनी यांनी मार्च १९५४ मध्ये एका प्रदर्शनीय सामन्यात सलग ५२६ बॉल घातले. ते शहर स्प्रिंगफील्ड, ओहायो. मी कोलंबसला राहतो, तिथून गाडीने तासाभराच्या आत आहे. आणि ते टेबल? आठ फुटी. आठ म्हणजे सात नव्हे, हे मलाही कळतं. पण नऊ फुटी नव्हतं, स्पर्धेचं नव्हतं. तरी तो विक्रम ६५ वर्षं उभा होता. २०१९ मध्ये जॉन श्मिटने कॅलिफोर्नियात नऊ फुटीवर ६२६ केले तेव्हा तो मोडला, आणि २०२२ मध्ये जेसन शॉने ७१४ केले. टेबल लहान म्हणून मॉस्कोनींचे ५२६ ‘करमणूक’ म्हणून बाजूला टाकायचे असतील तर तसं लिहा. मी वाट बघतो.

ब्रेकपासून एका दमात साफ केलेले डाव मोजायचे, ही सूचना. ते मी मोजतो. माझे सलग तीन आहेत, आणि ते त्याच लेखात लिहिलेलं आहे, चौदाच्या परिच्छेदाच्या खाली. इतक्या खालपर्यंत वाचणं झालं नसेल, समजू शकतो. पण तो वेगळा हिशेब आहे. घरी किंवा रिकाम्या पार्लरमध्ये एकट्याने बॉल लावून साफ करत बसता येतं. टेबल राखणं म्हणजे काय हे अमेरिकन बारमध्ये उभं राहिल्याशिवाय कळत नाही. ज्याला खेळायचंय तो रेलवर (टेबलाच्या काठावर) क्वार्टर, म्हणजे पाव डॉलरचं नाणं, ठेवतो, तीच त्याची रांग. आव्हान देणारा पैसे टाकतो, बॉल लावतो, जिंकलेला ब्रेक करतो. म्हणजे तुमचा रॅक (बॉलची त्रिकोणी मांडणी) प्रत्येक वेळी तुम्हाला हरवायला आलेला माणूस लावतो. पुढचे बॉल किंचित सैल सोडले की ब्रेक मरतो, आणि बहुतेकांना ही युक्ती माहीत असते. प्रत्येक डावाला नवा माणूस. नियमही त्या त्या बारचे. कुठे पांढरा गेला की ब्रेकच्या रेषेमागूनच खेळायचं, कुठे टेबलावर कुठेही. आमच्या टेबलाला एका बाजूला खांब आहे. तिथून खेळायचं तर मुलांसाठी ठेवलेली आखूड क्यू घ्यावी लागते, जिची टिप बऱ्याचदा गुळगुळीत झालेली असते. एकदा हरलात की क्वार्टर पुन्हा रांगेत, आणि शनिवार असेल तर तासभर बसा. असे चौदा. अमेरिकन पूलप्लेयर्स असोसिएशनच्या लीगचे सामने जास्त करून याच सात फुटी टेबलांवर होतात, आणि एका दमात डाव साफ केला की लीगकडून कापडी बिल्ला मिळतो. माझ्याकडे तो आहे. टेबल राखल्याबद्दल कुणी बिल्ला देत नाही, म्हणूनच त्यावर लेख लिहिला.

समोरचे शुद्धीत होते का? मीही काही नारळपाणी पीत नव्हतो. हा मुद्दा इथेच संपला.

आठ नंबर चुकीच्या वेळी घालून किती जण हरले, हा प्रश्न खोचक आहे पण गैरलागू आहे. वेळेआधी आठ घातला की डाव गेला, हा नियम मी केलेला नाही. हरला तो हरला. त्यातले किती, याची वही मी ठेवत नाही.

डिसेंबरच्या शेवटी दोन आठवडे पुण्यात आहे. तुम्हाला सोयीचं पार्लर सांगा, बारा फुटी टेबल असलेलंच सांगा, माझी हरकत नाही. तीन फ्रेम खेळू, टेबलाचं भाडं हरणाऱ्याने द्यायचं. त्यानंतर एखाद्या सात फुटीवर एट-बॉलचे पाच डाव, जिंकणारा टेबल राखेल. रॅक तुम्ही लावा, सैल लावलात तरी चालेल. वेळ आणि जागा याच लेखाखाली कळवा, आणि या वेळी शेवटपर्यंत वाचून मग कळवा.