काळी चारचं काळी एक करा, घरच्या घरी

भाचीच्या हळदीत तुम्हाला गाणं म्हणायचंय. ट्रॅक काळी चारचा, म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी त्याचा सा, आणि तुमचा गळा काळी एकच्या वर गेला की गल्लीतली कुत्री ओ देतात. आता लातुरात पेटीवाले काय कमी आहेत? एखादा दोन संध्याकाळी बसून तुमच्या पट्टीत वाजवून देईल. पण त्याला चहा पाजा, पैसे द्या, वर तालीम करा; सांगितलंय कुणी? तुमच्याकडं व्हॉट्सॲपवर चार गावं फिरून आलेली एमपीथ्री आहे. तीच घ्या. जितकी दाबून लहान झालेली, तितकी बरी.

सोपी रीत आधी. नुसता वेग कमी करा. जुन्या टेपचे सेल उतरले की व्हायचं तेच होतं: वेग आणि सूर एकाच दाव्याला बांधलेले, एक बसला की दुसरा बसतोच. काळी चार ते काळी एक मधल्या पट्ट्या धरून सात पायऱ्या खाली. तेवढं उतरायला वेग दोन तृतीयांशावर आणावा लागतो, म्हणजे 4 मिनिटांचं गाणं जवळजवळ 6 मिनिटांचं. तोवर नवरीच्या अंगावरची हळद वाळेल. वाळू द्या.

पाहुणे उठायला लागले तर दुसरी रीत. वेग तोच, सूर तेवढा खाली. ॲप गाण्याचे बारीक तुकडे करून एकमेकांवर चढवून बसवतं. बासरीचा लांब सूर त्यात खपून जातो. ढोलकीची थाप मात्र क्षणाची. ती जोडावर सापडली की एकीच्या दोन होतात, नाहीतर तिचा पार भुगा. तुम्ही त्याला फ्युजन म्हणा. कोरसच्या बायकांचे गळेही सुरासोबत जाड होतात. पैठणला रेड्यानं वेद म्हटले असं सांगतात, तुमच्या ट्रॅकवर तो कोरस म्हणेल.

यावर फॉर्मंट नावाचं एक बटण असतं: सूर उतरला तरी गळ्याचा मूळ पोत राखायचा. एकट्या आवाजाला ते खरंच कामाचं आहे. पण तयार मिक्समध्ये गळा कुठला आणि बासरी कुठली हे ते नीट सांगू शकत नाही. मळलेल्या भाकरीच्या पिठातून मीठ वेचायला सांगितल्यासारखं आहे ते. तरी दाबाच.

मग जुन्या फाईलवरच सेव्ह करा. फार खाली गेलं वाटलं तर तीच फाईल दोन पायऱ्या वर ओढा, पुन्हा एक खाली. दर खेपेला थोडी थोडी झिजेल, त्याला इलाज नाही.

वरातीतल्या हलगीवाल्याला मात्र यातलं काही विचारू नका. कातडं सैल पडलं की तो चार पऱ्हाट्या पेटवून हलगी शेकतो, सूर चढतो, लय जागेवर. पोरांनी मान हलवली की लय चढते, सूर जागेवर. शिवाय तो पैसे आधी मागतो.