फक्कीने काढलेली आफ्रिका

संध्याकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहून टाकते, लांबलं तर लांबलं.

मुलगी सातवीत आहे. मागच्या रविवारी अख्खी दुपार फरशीवर पालथी पडून तिने आफ्रिकेचा नकाशा काढला. ट्रेस नाही केला, अ‍ॅटलासवर पेन्सिलने चौकटी पाडल्या, तेवढ्याच चौकटी वहीत मोठ्या करून पाडल्या आणि एकेक चौकट बघून काढत गेली. पश्चिमेचा फुगवटा जरा जास्त झाला, सोमालियाचं टोक आखूड पडलं, पण काँगो नदी विषुववृत्त दोनदा ओलांडते ते तिने बरोबर दाखवलं, त्याच्यासाठी तीनदा खोडलं, तिथला कागद पार झिजलाय. आज वही परत आली. लाल पेनने लिहून आलंय, 'नीट नाही. प्रिंट आणून चिकटवा.'

आणि पोरगी मला म्हणते, "आई, दहा रुपये दे नं, झेरॉक्सवाल्याकडे रेडीमेड भेटते." सगळ्या वर्गाने तेच चिकटवलं म्हणे.

मला त्या दहा रुपयांचा राग नाही आला. ती रडली नाही याचा आला. तिला वाटलं की आपलंच चुकलं.

आमच्या वेळी नागपुरातल्याच एका साध्या मराठी शाळेत भूगोलाचे सर होते. भिंतीवर आफ्रिकेचा नकाशा टांगलेला आणि सर सांगून राहिले होते की नील नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. मी उभी राहिले, म्हटलं, सर, नदी वर कशी चढते? अख्खा वर्ग हसला. सर नाही हसले. म्हणाले, "शनिवारी सकाळी ग्राउंडवर या सगळे."

शनिवारी त्यांनी कबड्डीच्या रेघा मारायची फक्की आणली आणि सुतळीचा गुंडा. एक पाऊल म्हणजे ५०० किलोमीटर. उत्तर कोराडीकडे, दक्षिण बुटीबोरीकडे. आफ्रिका उत्तर-दक्षिण सोळा पावलं भरली. शेजारी त्याच मापाने भारत काढायला लावला, तो साडेसहा पावलांत संपला, आम्ही पोट्टे एकमेकांकडे बघतच राहिलो, कारण पुस्तकात दोन्ही नकाशे एकेका पानावर, सारखेच वाटायचे! मग व्हिक्टोरिया सरोवराच्या जागी माती ठोकून उंचवटा केला, तिथून भूमध्य समुद्रापर्यंत उतरती चारी काढली आणि माझ्या हातात तांब्या दिला. ओत म्हणाले. पाणी गेलं नं कोराडीकडे, सरळ! व्हिक्टोरिया सरोवर समुद्रसपाटीपासून ११०० मीटरच्या वर आहे, पाणी उतार बघते, उत्तर-दक्षिण बघत नाही. जमिनीवर नकाशा काढला की 'वर' नावाची दिशाच उरत नाही. हे मला कोणी पाठ करायला लावलं नाही, माझ्या हातातल्या तांब्याने शिकवलं.

आता कोणी म्हणेल वर्गात साठ पोरं, पस्तीस मिनिटांचा पिरेड, वरून पोर्शन संपवायचा आणि शिक्षकांच्या मागे शंभर कामं. खरं आहे, मान्य. पण पोरीने घरी स्वतःहून काढून आणलेला नकाशा होता नं हा! त्याला कुठे पिरेड लागत होता? नुसतं 'छान' लिहायला काय लागते?

आपल्याला कळते सगळ्यांना की छापील नकाशा चिकटवताना डोळा फक्त कोपरे बघतो. हाताने काढताना मात्र हात अडतो. इजिप्तची दक्षिणेची सरहद्द काढताना माझा अडला होता, एवढी सरळ कशी? सर म्हणाले सुतळी ताणून काढ, काढणाऱ्यांनीही तशीच काढली, २२ अंशाच्या अक्षांशावर पट्टी ठेवून. तिथेच ग्राउंडवर उभ्याउभ्या त्यांनी १८८४-८५ ची बर्लिनची परिषद सांगितली, की युरोपवाले टेबलाभोवती बसले आफ्रिकेचे वाटे ठरवायला आणि आफ्रिकेचा एकही माणूस तिथे नव्हता. ती सुतळी अजून माझ्या बोटांना आठवते.

आणि हे नागपुरात व्हावं याचं जास्त लागते मला. झिरो माईल, तो इंग्रजांच्या काळातला मोजणीचा दगड, रोज ओलांडतो आपण. ज्या विल्यम लॅम्ब्टनने १८०२ मध्ये मद्रासपासून हा देश मोजायला घेतला, तो मोजता मोजता १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला, तिथेच त्याला पुरलं. नकाशासाठी माणसं जीव झिजवून गेली हो या भागात, आणि आपण पोरांना म्हणतो चिकटवून आण.

असो. जेवणं झाल्यावर तिला घेऊन गच्चीवर गेले. खडू होता, सुतळी होती. पाऊल तेच, ५०० किलोमीटर. आधी चुपचाप होती, मग काँगोपाशी आल्यावर आपणहून म्हणाली, "आई सरक, तू विषुववृत्तावर उभी आहेस." भारत काढला, नागपूरचा ठिपका दिला, तिथून २१ अंशाची रेघ पश्चिमेला ओढत नेली तर ती अरबस्तानातून तांबडा समुद्र ओलांडून थेट सहारात घुसली. पोरगी थांबली. "मग आपल्याकडे वाळवंट काऊन नाही?" हाच प्रश्न तेव्हा ग्राउंडवर कोणीतरी विचारला होता, आणि सर किती खूश झाले होते! तिला मान्सूनचं सांगत बसले, अरबी समुद्रावरून आणि बंगालच्या उपसागरावरून येणारे ओले वारे, आणि तिकडे सहारावर उतरणारी कोरडी हवा, जी ढगच धरू देत नाही. साडेदहा वाजले. मादागास्कर राहिलं, ते उद्या.

वहीत प्रिंट चिकटवणार नाही. तोच नकाशा घेऊन ती सकाळी जाईल, सोबत माझी चिठ्ठी. बाईंना भेटायलाही जाणार आहे, भांडायला नाही. आमच्या गच्चीवर या म्हणणार आहे, पाऊस येऊन खडू धुवून जायच्या आधी.