चिखलातूनच चाला ना राव!

पावसाळी ट्रेकचे फोटो टाकायचा सीझन सुरू झालाय, त्यात माझीही एक कटकट ऐकून घ्या. रविवारी लोणावळ्याजवळच्या विसापूर किल्ल्यावर जाऊन आलो. मळवलीला लोकलमधून उतरायचं, एक्सप्रेसवेवरचा पूल ओलांडायचा, भाजे गावातून गायमुख खिंडीकडे चढायचं आणि मग डावीकडे झाडीत शिरायचं, अर्ध्या दिवसाचं काम. उंची १०८४ मीटर, म्हणजे शेजारच्या लोहगडापेक्षा जास्तच, पण लोहगड २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्यापासून सगळं कौतुक त्यालाच.

तर झाडीतली ती वाट. पूर्वी एका माणसापुरती होती, आता कुठेकुठे जीप जाईल एवढी रुंद झालीय. का, तर मधे चिखल आहे आणि कुणालाच शूज खराब करायचे नाहीयेत! म्हणून सगळे कडेच्या गवतावरून जातात, गवत तुडवलं की मुळं सुटतात, माती उघडी पडते, पुढच्या पावसात ती वाहून जाते आणि तिथेही राबडा होतो, मग पुढचा माणूस त्याच्याही पलीकडून जातो. वळणावर शॉर्टकट मारणारे तर अजून भारी, वरचं पाणी सरळ त्यांच्याच वाटेने खाली येतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत तिथे घळ पडते. आधारासाठी कारवी ओढतात ती वेगळीच. सात वर्षं थांबून एकदा फुलणारं झाड ते, त्याला फुलू तरी द्या की.

बरं, कडेने जाऊन माणूस वाचतो का? आमच्या पुढे एक पोरगा होता, पांढरेशुभ्र स्नीकर्स, गवताचा एकेक पुंजका शोधत चाललेला आणि त्याच्यामागे अख्खा ग्रुप तसाच. उतारावरच्या ओल्या गवतावर पाय पडला आणि गडी बसल्या बसल्या खाली. चिखलात निदान टाच रुतते, ओलं गवत काहीच धरत नाही. तेवढ्यात डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या एक मावशी आल्या, पायात साधे प्लास्टिकचे बूट, वाटेच्या मधोमध, छोटी छोटी पावलं टाकत, आमच्याकडे न बघता निघून गेल्या.

आणि गंमत म्हणजे शेवटच्या पायऱ्यांवरून ओढाच वाहतो. तिथे सगळे हौसेने भिजतात, रील काढतात. मग खाली एवढी कसरत कशाला?? १८१८ मध्ये इंग्रजांनी गड घेतला आणि दरवाजे उडवले म्हणून आपण अजून बोलतो, वाटांची वाट मात्र आपणच लावतोय.

बसेस भरून माणसं आणणाऱ्यांनो, टी-शर्ट, नाष्टा, ड्रोन सगळं देता, मेसेजमध्ये एवढी एक ओळ टाका की शूज घाण होणार आहेत, ज्यांना चालणार नाही त्यांनी येऊ नये. आणि वाटेत जो कडेला जाईल त्याला हाक मारा, राग येईल तर येऊ दे.

शूजचं म्हणाल तर चिखल ओला असतानाच नळाखाली धरून ब्रश मारा, आत पेपरचे बोळे कोंबा, ओले झाले की बदला आणि पंख्याखाली ठेवा. हीटरजवळ नको, सोल सुटतो.