खुलासा: अँटेनाची ट्रेस ‘सरसकट ३ मिलिमीटर’ नव्हे

महापे-रबाळेकडच्या आपल्या डिझाइनवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतंय: ‘अँटेनाची ट्रेस ३ मिमी ठेवा, कुठल्याही बोर्डवर ५० ओहम मिळतात.’ हे अर्धंच खरं. (ट्रेस म्हणजे सर्किट बोर्डवर अँटेनापर्यंत सिग्नल नेणारी तांब्याची पट्टी, ३ मिमी ही तिची रुंदी; ५० ओहम हा तिचा इम्पिडन्स, म्हणजे रेडिओ सिग्नलला तिच्यात जाणवणारा विरोध.) १.६ मिमी जाडीच्या दोन थरांच्या एफआर-४ (काचतंतू-इपॉक्सीच्या नेहमीच्या) बोर्डवर, खाली सलग ग्राउंड (तांब्याचा अखंड थर) असेल तर ३ मिमीच्या आसपास बरोबर. पण चार थरांच्या बोर्डात ग्राउंड बहुतेकदा जेमतेम ०.२ मिमी खाली असतो. ग्राउंड जवळ आला की ट्रेस अरुंद लागते, म्हणून तिथे रुंदी ०.४ मिमीच्याही थोडी आतच येते. ३ मिमी ठेवलीत तर इम्पिडन्स पार कोसळतो. (मल्टीमीटरने ५० ओहम शोधू नका; तो इम्पिडन्स नव्हे, तारेचा साधा रोध मोजतो, जवळपास शून्यच दिसेल!) फॅब्रिकेटरकडून (बोर्ड बनवणाऱ्याकडून) स्टॅकअप, म्हणजे थरांचा क्रम आणि जाडी, मागवा, मगच रुंदी काढा. आणि ट्रेसखाली ग्राउंड हवा म्हणून चिप अँटेनाखालीही (बोर्डवर बसवलेल्या छोट्या अँटेनाखाली) तांबं पसरू नका; तिथे डेटाशीटमध्ये दिलेली जागा मोकळीच सोडायची.