मझल ब्रेक लावला म्हणून ईअरमफ काढायचे? कोणी सांगितलं?

भाच्याने एक फॉरवर्ड पाठवलाय आणि खाली लिहिलंय, "मामा हे वाच, आता ईअरमफची कटकट गेली." ईअरमफ म्हणजे आवाज अडवायला कानांवर घालायचे ते कप. पोरगा आत्ता कुठे रायफल चालवायला शिकतोय म्हणून हे लिहायला बसलो, नाहीतर असल्या मेसेजकडे मी ढुंकूनही बघत नाही. मेसेज थोडक्यात असा: नळीच्या तोंडाला मझल ब्रेक, म्हणजे खाचा असलेला धातूचा तुकडा, लावा, खांद्याला बसणारा धक्का 90 टक्के कमी, आवाज निम्मा कारण ब्रेक म्हणजे "सायलेन्सरचा धाकटा भाऊ", गोळीचा वेग वाढतो, कुठल्याही रायफलला चालतो, नेम आपोआप सुधारतो. आणि शेवटी ठळक अक्षरात, "ईअरमफ नवशिक्यांसाठी असतात". सोबत आधीचा-नंतरचा असा व्हिडिओ पुरावा.

आधी आवाजाचंच घेतो, कारण बाकीच्या थापांनी फार तर पैसे जातील, हिच्यामुळे कान जातील.

गोळी बाहेर पडली की तिच्यामागून जळलेल्या दारूचा गॅस प्रचंड दाबाने सुटतो. साध्या नळीतून तो बहुतेक समोर जातो. ब्रेकला बाजूंना खाचा असतात आणि आत आडव्या भिंती, गॅस त्या भिंतींवर आदळतो, त्यांना पुढे रेटतो आणि स्वतः बाजूला नाहीतर तिरपा मागे वळतो. रायफल मागे येत असताना हा पुढचा रेटा मिळतो म्हणून खांद्याला कमी लागतं. इथपर्यंत ठीक. पण तो वळलेला गॅस आणि त्याच्यासोबतचा दणका जातो कुठे? चालवणाऱ्याच्या तोंडाकडे आणि शेजारच्या लेनमधल्या माणसाच्या कानाकडे! सायलेन्सर गॅसला बंद डब्यात कप्प्याकप्प्यांनी अडवतो, पसरू देतो, थंड करतो आणि मग सोडतो. ब्रेक उघडाच असतो, तो आवाज गिळत नाही, फक्त वळवतो. धाकटा भाऊ कसला, नात्यातलाही नाही. उलट जो ब्रेक गॅस जास्त मागे फेकतो तो खांद्याचा धक्का जास्त कमी करतो आणि तोच चालवणाऱ्याच्या कानाला जास्त त्रासही देतो, दोन्ही एकाच गॅसमधून येतं.

आता आकडे. मोठ्या काडतुसाच्या रायफलचा बार चालवणाऱ्याच्या कानापाशी 160 डेसिबलच्या आसपास जातो. ब्रेक लावला की त्यात भर पडते, ब्रेकप्रमाणे कमीजास्त, पण बऱ्याचदा 5 ते 10 डेसिबल. कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी नायॉश ही अमेरिकी सरकारी संस्था आहे, तिने 1998 च्या शिफारशींत अशा धडाक्याच्या आवाजाला 140 डेसिबलची कमाल मर्यादा घातलीय. म्हणजे ब्रेक नसतानाच आपण ती ओलांडून बसलोय, आणि 20 डेसिबल वर म्हणजे दाब दहापट. ग्रुपवर कोणा शहाण्याने हिशेब मांडलाय की "160 चे 170 झाले तरी वाढ 6 टक्केच". अरे बाबा, डेसिबल टक्क्यांत मोजत नाहीत, 10 डेसिबल वाढले की ऊर्जा दहापट होते आणि दाब तिपटीच्या वर.

आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात परत येत नाहीत, औषध नाही, ऑपरेशन नाही. उजव्या खांद्यावरून चालवणाऱ्याचा बहुधा डावा कान आधी जातो, कारण गाल दस्त्यावर टेकलेला असतो, डावा कान नळीच्या तोंडाकडे वळलेला आणि उजवा डोक्याच्या आडोशाला. ऑडिओग्राममध्ये, म्हणजे कानाच्या तपासणीच्या आलेखात, 4000 हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसायला लागतो, आणि ती कानातली शिट्टी, ती तर रात्री झोपूही देत नाही.

व्हिडिओतला पुरावा म्हणजे तर कहरच. फोनचा माइक साधारण 120-130 डेसिबललाच गुदमरतो, त्यापुढे 160 असो की 170, त्याला सगळं सारखंच, वर फोन आपोआप आवाज दाबतो तो वेगळाच. त्यावरून "आवाज निम्मा" ठरवलं? यात एक अर्धसत्य आहे तेवढं मान्य करतो, नळीच्या समोरच्या बाजूला मोजलं तर ब्रेकमुळे आवाज थोडा कमी भरू शकतो. पण समोर टार्गेट असतं, आणि टार्गेटला कान नसतात.

ईअरमफ काढायचं सोडा, कानात प्लग आणि वरून मफ, दोन्ही घालायचं, नायॉशही शूटिंगसाठी हेच सांगते. आणि पाकिटावर 30 डेसिबल आवाज कमी करतो असं लिहिलेला प्लग अधिक 25 चा मफ म्हणजे 55 असलं गणितही करू नका, जो जास्त आहे त्याच्यावर साधारण 5 ची भर धरतात. शेजारी झोपून स्पॉटिंग करणाऱ्यालाही, म्हणजे फटका कुठे बसला ते दुर्बिणीतून बघणाऱ्यालाही, हेच लागू, त्याच्या जागेला तर कधीकधी चालवणाऱ्यापेक्षा जास्त दणका बसतो.

धक्का कमी होतो का? होतो, चांगलाच होतो, तेवढं बरोबर आहे. पण 90? थर्टी-ओ-सिक्स हे मोठ्या रायफलचं काडतूस घ्या, गोळी साधारण 11.7 ग्रॅम, दारू साडेतीन ग्रॅमच्या वर. दारू वजनाला कमी, पण तिचा गॅस गोळीपेक्षा खूप वेगाने सुटतो, त्यामुळे एकूण धक्क्यातला ढोबळमानाने तिसरा हिस्सा गॅसचा. ब्रेकच्या हातात हा गॅसच. गोळीने द्यायचा तो धक्का, गोळी ब्रेकपर्यंत पोचायच्या आत देऊन झालेला असतो. गॅस मागे वळवून थोडं जास्त काढता येतं, पण 90 नाही. आणि जाहिरातीतली एक गंमत, संवेग 30 टक्के कमी झाला की धक्क्याची ऊर्जा 51 टक्के कमी होते, कारण तिथे वर्ग येतो. पाकिटावर कुठला आकडा छापणार ते सांगायला नको.

"कुठल्याही रायफलला" हे पण असंच. पॉइंट टूटू या छोट्या काडतुसात गोळी 2.6 ग्रॅम आणि दारू जेमतेम 0.1 ग्रॅम, वळवायला गॅसच नाही तर ब्रेक करणार काय? मॅग्नम, म्हणजे जास्त दारूच्या, काडतुसांना फायदा जास्त, बॅरेट कंपनीच्या पॉइंट फिफ्टी या अवजड रायफलला तो बाणाच्या टोकासारखा ब्रेक उगाच नसतो. गोळीचा वेग? काही फरक नाही, पुढे.

राहिला नेम. धक्का कमी झाला की दचकणं कमी होतं, स्कोपमधून टार्गेट सुटत नाही, आपला फटका कुठे बसला ते स्वतःला दिसतं, हा खरा फायदा आहे. पण बरेच जण धक्क्याला नाही, दणक्याला दचकतात, आणि उघड्या कानाने ब्रेकवाली रायफल चालवली तर दुसऱ्या-तिसऱ्या बारापासून ट्रिगर दाबायच्या आधीच डोळे मिटायला लागतात. शिवाय नळीच्या टोकाला वजन लागलं की तिचं थरथरणं बदलतं, गोळी आधीच्या जागी पडेलच असं नाही, झिरो, म्हणजे स्कोपचा नेम गोळी पडते त्या जागी जुळवणं, परत करावाच लागतो. आणि ब्रेक नळीच्या अगदी सरळ रेषेत बसला पाहिजे, किंचित वाकडा बसला तर गोळी आतल्या भिंतीला घासते, त्यामुळे नळीला आटे पाडायचं आणि ब्रेक बसवायचं काम घरी करू नका, चांगल्या गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडेच द्या.